वसईचे व्यापारी संत गोन्सालो गार्सिया



पहाटे डबा भरायचा, धावतपळत लोकल पकडायची, रात्री दमून घरी यायचे. त्यात मुलांची फी, घराचा हप्ता, म्हाताऱ्या आईवडिलांची औषधे, आणि उद्या काम राहील की जाईल याची धास्ती. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील आपल्या बहुतेक कुटुंबांचा दिवस असाच जातो. अशा वेळी देवाला पहिले स्थान द्यायचे म्हणजे काय करायचे? डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने अन्नवस्त्राच्या चिंतेच्या आधी देवाच्या राज्याचा विचार करायला शिकवले. पण हे मठात राहणाऱ्यांनाच जमते, आपल्यासारख्या पोटामागे धावणाऱ्यांना नाही, असे आपल्याला वाटून जाते. म्हणूनच आपल्या शेजारच्या वसईतील एका व्यापाऱ्याचे चरित्र आज आठवू या.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारे 1557 साली वसईत झाला. त्या काळी वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांचे वडील पोर्तुगीज होते, तर आई याच कोकणपट्टीतील होती. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंच्या देखरेखीखाली ते शिकले. पुढे कोवळ्या वयात, सोळा वर्षांचे होण्याच्या सुमारास, ते धर्मगुरूंबरोबर जहाजाने जपानला गेले. तेथे त्यांनी जपानी भाषा उत्तम आत्मसात केली आणि अनेक वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. जपानी लोकांचे ते आवडते झाले.

येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. वर्षानुवर्षे सेवा करूनही दार उघडले नाही. त्यांना किती वाईट वाटले असेल याची आपण कल्पना करू शकतो. आपल्यापैकी कित्येकांनी मागितलेली नोकरी, मागितलेले मूल, मागितलेले आरोग्य मिळाले नाही म्हणून देवाशी अबोला धरला आहे. गोन्सालो यांनी तसे केले नाही. त्यांनी पोटापाण्यासाठी व्यापार सुरू केला. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, स्वभाव गोड होता. व्यापाराला बरकत आली. कामानिमित्त त्यांचे दूरदूरच्या बंदरांत जाणे-येणे होऊ लागले.

येथे थोडे थांबून विचार करू या. व्यापार करणे पाप नव्हते. घाम गाळून मिळवलेला पैसा हा देवाचाच आशीर्वाद. परंतु धंदा चांगला चालू लागला की देव हळूहळू दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या क्रमांकावर जातो, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. अडचणीत देव आठवतो आणि सुबत्तेत विसरतो. गोन्सालो यांच्या मनातील क्रम मात्र बदलला नाही. व्यापार करताना ते फिलिपिन्समधील मनिला येथे गेले. तेथे फ्रान्सिस्कन संघाशी त्यांचा संबंध आला. जमलेला व्यापार सोडून ते त्या संघात दाखल झाले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे बंधू म्हणून. मानाची जागा त्यांनी मागितली नाही.

देवाची योजना पाहा. 1593 साली मनिलाच्या गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे दूत म्हणून पाठवले. त्यांना दुभाष्या हवा होता. धर्मशिक्षक आणि व्यापारी म्हणून गोन्सालो यांनी जी भाषा कमावली होती, तीच आता उपयोगी पडली. आयुष्यातील कुठलेच वर्ष वाया गेले नव्हते. पुढे क्योतो शहरात फ्रान्सिस्कन बंधूंनी चर्च उभारले, कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना चालवला. ज्यांना घरच्यांनीही दूर लोटले होते, त्यांची जखम बांधण्याचे काम या बंधूंनी केले.

परंतु दिवस फिरले. 1596 साली एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले आणि त्यातून हिदेयोशीचा राग ख्रिस्ती लोकांवर भडकला. गोन्सालो आणि त्यांचे सोबती पकडले गेले. त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून शहरातून त्यांची धिंड काढण्यात आली. मग भर थंडीत जवळजवळ महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी तेथील टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, संत पौल मिकी यांच्यासह तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. काही तर बारा-चौदा वर्षांची मुले होती. गोन्सालो तेव्हा चाळिशीत होते.

1627 साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले आणि 8 जून 1862 रोजी पोप पायस नववे यांनी या सव्वीस जणांना संतपद दिले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. वसईजवळ गास येथे त्यांच्या नावाचे चर्च आहे. दिव्याहून वसईच्या गाडीत बसले की आपणही सहकुटुंब तेथे जाऊ शकतो.

भाविकहो, आपल्यावर क्रुसावर चढण्याची वेळ कदाचित येणार नाही. आपली परीक्षा लहान-लहान गोष्टींत होते. रविवारी ओव्हरटाइम आणि मिस्सा यांत ओढाताण होते. दुकानात वजनकाट्यावर हात जातो. संध्याकाळी टीव्ही लागतो आणि रोझरी राहून जाते. ज्यांना रविवारी कामावर जावेच लागते, त्यांनी शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला यावे. ज्यांना तेही जमत नाही, त्यांनी गाडीत बसल्याबसल्या एक तरी प्रार्थना मनात म्हणावी. घरात पगार आला की हप्ते आणि बिले मोजण्याआधी देवाचे आभार मानावेत आणि गरजू शेजाऱ्यासाठी थोडे बाजूला काढावे. चिंता लगेच संपणार नाहीत, पण त्या आपल्या मालक बनणार नाहीत.

आणि ज्यांची प्रार्थना अजून ऐकली गेलेली नाही, त्यांनी गोन्सालो यांच्यासमोर बंद राहिलेले ते दार आठवावे. देवाने त्यांना दुसऱ्या वाटेने बोलावले होते.

हे संत गोन्सालो, तू आमच्याच मातीतला. आमच्या कामधंद्यासाठी, आमच्या घरांसाठी देवाकडे विनंती कर. देवाला पहिले स्थान देण्याचे बळ आम्हांला मिळो. आमेन.