नावातच रंग असलेला शास्त्रज्ञ, ज्याची पद्धत आज प्रत्येक औषध कंपनीत चालते

एक काचेची नळी. तिच्यात खडूची बारीक पूड दाबून भरलेली. वरून झाडाच्या हिरव्या पानांचा अर्क ओतला आणि मागोमाग पेट्रोलियम ईथरसारखा द्रव सोडला. थोड्या वेळात त्या पांढऱ्या पुडीत हिरवे आणि पिवळे पट्टे वेगवेगळे दिसू लागले.

हा प्रयोग करणाऱ्याचं नाव होतं मिखाईल त्स्वेत. रशियन भाषेत त्स्वेत म्हणजे रंग. पुढे त्याने या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रंगलेखन, असं नाव दिलं. त्यात त्याने हळूच स्वतःचंही नाव लपवलं, असं अनेकांना वाटतं.

त्स्वेतचा जन्म १८७२ सालचा, इटलीतल्या आस्ती गावातला. वडील रशियन, आई इटालियन. आई तो तान्हा असतानाच गेली. मुलगा स्वित्झर्लंडमध्ये वाढला आणि १८९६ ला जिनिव्हा विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन रशियात आला. तिथं सांगण्यात आलं, ही परदेशी डिग्री चालणार नाही. झालं, गडी परत शून्यापासून. १९०१ ला कझानमधून मास्टर्स केलं आणि त्यानंतर तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या वॉर्सात नोकरीला लागला.

त्याचं डोकं एकाच प्रश्नात अडकलेलं होतं. पानात नेमके किती रंग असतात? त्या काळचे रसायनशास्त्रज्ञ पानं उकळायचे, आम्ल नाहीतर अल्कली घालायचे. त्यात मूळ रंगद्रव्यच बदलून जायचं. त्स्वेत मुळात वनस्पतीशास्त्रज्ञ. त्याला रंग न मोडता वेगळे करायचे होते. खडूच्या पुडीने ते जमलं, कारण पूड प्रत्येक रंगाला कमीजास्त घट्ट धरते. सैल धरलेला रंग पुढे पळतो, घट्ट धरलेला वरच राहतो.

या विषयावर तो १९०३ ला वॉर्सात बोलला आणि १९०६ ला जर्मन नियतकालिकात दोन लेख छापले. हरितद्रव्य एक नसून दोन आहेत, हे त्याने दाखवलं. पण क्लोरोफिलवर काम करणारा बडा माणूस होता रिखार्ड विलश्टेटर. त्याला वाटलं, पुडीतून जाताना रंगद्रव्यं बिघडतात. बड्या माणसाने शंका घेतल्यावर बाकीचे कशाला वाट्याला जातील?

१९१० ला त्स्वेतने जाडजूड ग्रंथ लिहिला, पण रशियन भाषेत. पश्चिम युरोपात तो वाचणार कोण? १९१५ चं नोबेल विलश्टेटरला मिळालं. त्याच साली महायुद्धामुळे त्स्वेतला वॉर्सा सोडावं लागलं. मग मॉस्को, निझनी नोव्हगोरोद, टार्टू आणि शेवटी व्होरोनेझ. १९१९ ला, वयाच्या ४७ व्या वर्षी, आजारी त्स्वेत तिथंच गेला.

गंमत पुढेच आहे. विलश्टेटरकडे त्स्वेतच्या ग्रंथाचं जर्मन भाषांतर पडून होतं. ते त्याचा विद्यार्थी रिखार्ड कुन याच्याकडे गेलं आणि १९३१ च्या सुमारास कुनच्या हायडेलबर्गमधल्या प्रयोगशाळेत एडगर लेडररने तीच नळी पुन्हा भरली. गाजरातला पिवळा रंग वेगळा झाला आणि जगाने ही पद्धत उचलली.

आज गोव्यातल्या औषध कंपनीत बघा, नळीच्या जागी स्टीलचा कॉलम आणि तो ठेवायला ठराविक तापमानाचा ओव्हन असतो. ओव्हन कशाला? त्स्वेतच्या रंगांना त्या द्रवात विजेच्या भाराची भानगड नव्हती. औषधांचं तसं नाही, त्यातली बरीच पाण्यात आयन होतात. भार आला की रेणूला पाणी आवडतं आणि तो तेलकट कॉलममधून झटकन बाहेर पडतो. भार गेला की रेंगाळतो. आता अमाईन गटाची औषधं घ्या. तापमान १ अंशाने वाढलं की त्यांचा पीकेए साधारण ०.०३ ने उतरतो, म्हणजे भार धरून ठेवायची ताकद कमी होते. एरवी गरम केलं की सगळं लवकर बाहेर येतं, पण अशी औषधं उलट जास्त वेळ थांबू शकतात. कार्बोक्सिलिक आम्लांच्या पीकेएला मात्र तापमानाने फारसा फरक पडत नाही. त्यामुळे दोन औषधांचा क्रम उलटाही होऊ शकतो. त्यात भर म्हणजे ट्रिससारख्या काही बफरचा पीएचही तापमानासोबत घसरतो. म्हणून कॉलमचं तापमान किती ठेवलं, हे चाचणीच्या पद्धतीत लिहून ठेवतात.