तंजावरचे ग्रंथप्रेमी सरफोजी महाराज

शीवच्या टेकडीवरील सतराव्या शतकांतला पडका किल्ला आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिलेला आहेच. राज्यें येतात व जातात आणि मागें दगड राहतात, हा धडा तो न बोलतां शिकवितो. ज्याची सत्ता गेली, परंतु ज्याचे ग्रंथ राहिले, अशा एका मराठी राजाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

दुसरे सरफोजी महाराज यांचा जन्म १७७७ सालीं झाला. छत्रपति शिवाजी महाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजी यांनीं स्थापिलेल्या तंजावरच्या गादीवर तेव्हां तुळजाजी राजे होते. वारस नसल्यामुळें १७८७ सालीं आपल्या अंतकाळीं त्यांनीं या दहा वर्षांच्या मुलास दत्तक घेतलें व त्याच्या रक्षणाचा भार जर्मन मिशनरी रेव्हरंड श्वार्ट्झ यांजवर सोंपविला. राजे निवर्तल्यावर त्यांचे सावत्र बंधु अमरसिंग गादीवर आले. बाळ सरफोजी वाड्यांत कोंडल्यासारखे राहिले व त्यांच्या शिक्षणाची आबाळ झाली. श्वार्ट्झ साहेबांनीं कंपनी सरकारकडे दाद मागितली. पुढें १७९३ सालीं राजपुत्रास मद्रासेस नेण्यांत आलें व तेथें रेव्हरंड गेरिके यांच्या देखरेखीखालीं त्यांचें शिक्षण झालें.

१७९८ च्या फेब्रुवारींत श्वार्ट्झ साहेब वारले. त्यांच्या अंत्यविधीस राजपुत्र हजर राहिले व त्यांनीं पुत्रासारखे अश्रु ढाळले. त्याच वर्षीं त्यांस गादी मिळाली. पण दुसऱ्याच वर्षीं, १७९९ च्या तहानें, मुलखाचा सारा कारभार कंपनीकडे गेला. महाराजांच्या हातीं किल्ला, राजपद व वार्षिक नेमणूक एवढेंच उरलें. बावीस वर्षांचा असा राजा ख्यालीखुशालींत बुडाला असता, तर कोणास नवल वाटलें नसतें. महाराज मात्र ग्रंथ जमवूं लागले.

त्यांनीं युरोपांतील चार हजारांहून अधिक छापील ग्रंथ मिळविले. त्यांत इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन इत्यादि भाषांचे ग्रंथ होते, आणि पुष्कळांवर महाराजांची इंग्रजी सही अद्यापि दिसते. त्या काळीं फ्रान्समध्यें पुस्तक बहुधा सुट्या छापील कागदांच्या किंवा साध्या कागदी वेष्टनाच्या रूपानें विकलें जाई. घेणारा तें ऐपतीप्रमाणें बांधून घेई. वासराचें किंवा बकऱ्याचें कमावलेलें कातडें, त्यावर अंड्यांतील पांढऱ्या बलकाचा हात, त्यावर सोन्याचा वर्ख आणि तापविलेल्या ठशांनीं उठविलेली वेलबुट्टी, असें तें कसबाचें काम असे. सोळाव्या शतकांतील फ्रेंच खजिनदार झां ग्रोलिये यांचे ग्रंथ अशा बांधणीमुळें जगप्रसिद्ध झाले. त्या ग्रंथांच्या मालकींत आपले मित्रही वांटेकरी आहेत, असें त्यांनीं पुठ्ठ्यांवर सोनेरी अक्षरांत ठसविलें होतें.

तंजावरचे ग्रंथही नुसते कपाटाची शोभा नव्हते. १८२६ सालीं बिशप हीबर महाराजांस भेटले, तेव्हां लाव्हाझिए, फूरक्रुवा व ब्यूफों या फ्रेंच शास्त्रज्ञांचे दाखले महाराज बोलतां बोलतां सहज देत, हें पाहून ते चकित झाले.

जें वाचलें तें महाराजांनीं वाड्याबाहेरही पोंचविलें. १८०५ सालीं त्यांनीं देवनागरी ठशांचा छापखाना काढला व इसापाच्या गोष्टी मराठींत छापविल्या. धन्वंतरि महालांत त्यांनीं देशी व युरोपीय वैद्यकाची सांगड घातली. तेथील नेत्ररोग्यांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, ग्रंथालयांत जपलेल्या आहेत. १८२० सालीं निघालेल्या काशीयात्रेंतूनही त्यांनीं पुष्कळ हस्तलिखितें आणिलीं.

महाराज अखेरपर्यंत हिंदु राहिले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर त्यांनीं १८०३ सालीं भोसले घराण्याचा इतिहास मराठींत कोरविला. आणि आपल्या गुरूच्या स्मरणार्थ फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून तेथील ख्रिस्ती मंदिरांत बसविलें. शिष्य ख्रिस्ती झाला नाहीं म्हणून गुरूची माया आटली नाहीं, आणि गुरु परधर्मी म्हणून शिष्याची कृतज्ञता उणावली नाहीं. अनेक धर्मांचीं मुलें एका बाकावर बसतात अशा आमच्यासारख्या शाळेस ही गोष्ट विशेष मोलाची वाटते.

१८३२ सालीं महाराज निधन पावले. १८५५ सालीं त्यांचे पुत्र शिवाजी राजे औरस पुत्र न ठेवतां वारले, आणि कंपनीनें उरलेलें राजपदही खालसा केलें. ग्रंथ मात्र टिकले. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ सालीं सर्वांसाठीं खुलें झालें, आणि ज्या पुस्तकांवर राजाची सही आहे, तीं पाहण्यास आज कोणीही सामान्य मनुष्य तेथें जाऊं शकतो.

विद्यार्थ्यांनीं आपल्या पुस्तकास नीट पुठ्ठा घालावा, त्यावर आपलें नांवही खुशाल लिहावें. पण तें वाचावयास मागणाऱ्या सोबत्यास रिकाम्या हातानें परत पाठवूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.