समाजी हसाजी दिवेकर

पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आपली आडनावे म्हणजे पूर्वीच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातली गावे. वेम्बलीत वाढलेल्या मुलांना हे मुद्दाम सांगावे लागते. दिवेकर हे दिवे आगरचे. कोकण सोडून मुंबईत बिऱ्हाड थाटणारे आपल्या समाजातले पहिले घराणे याच दिवेकरांचे, आणि ते साल १७४६. समाजींचा जन्म सुमारे १७३० चा, म्हणजे तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे असावेत. त्यांचे इब्री नाव शमुवेल यहेज्केल.

कोकणात आपले पूर्वज घाण्यावर तेल गाळीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. गावात सिनेगॉग नव्हते, सेफेर तोरा नव्हता. सुंता, शेमा आणि शब्बाथ एवढ्यावर धर्म टिकला, कारण शनिवारी कोणी घाणा जुंपला तर साऱ्या गावाला दिसे. मुंबईत तसे कोण पाहणार? गावोगावची तरुण मुले मचव्यात बसून आली आणि कंपनी सरकारच्या पलटणीत शिरली. तिथे नाना जातींचे सोबती, आणि शब्बाथ पाळला काय, मोडला काय, विचारणारे वडीलधारे समुद्रापलीकडे. परदेशी संसार केलेल्या आपल्याला हे दुखणे समजावून सांगायला नको.

समाजी याच पलटणीत चढत चढत नेटिव्ह कमांडंट झाले. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते आणि त्यांचे बंधू इसाजी टिपूच्या कैदेत पडले. पुढची आख्यायिका आपल्यापैकी पुष्कळांनी आजीच्या तोंडून ऐकली असेल. कैद्यांना जात विचारली गेली, तेव्हा या भावांनी आपण बेने इस्राएल असल्याचे सांगितले. टिपूच्या आईने कुराणात हे नाव वाचले होते, पण त्या वंशाचा माणूस कधी पाहिला नव्हता. तिच्या रदबदलीने त्यांचे प्राण वाचले, आणि जिवंत सुटलो तर देवाचे घर बांधीन असा नवस समाजींनी केला.

आम्हाला विचाराल तर कैदेपेक्षा पुढचे काम मोठे. १७९६ साली त्यांनी मुंबईत मांडवी भागात शआर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार, हे सिनेगॉग उभे केले. आपण तिला जुनी मशीद म्हणतो. १८६० साली ती जवळच्याच आताच्या जागेवर आली. तिथल्या रस्त्याला सॅम्युअल स्ट्रीट नाव पडले ते समाजींवरून, आणि मस्जिद स्टेशनचे नावही या मशिदीवरूनच आले असे सांगतात. (आपली मुले हे ऐकून हसतात, हसू द्यावे!) गाव सोडून आलेल्या पोरांना शनिवारी जायला एक दार झाले, दहा माणसांचा मिन्यान जमू लागला.

इमारत झाली तरी सेफेर तोरा हवा होता. त्यासाठी समाजी कोचीनला गेले आणि दुसऱ्याच वर्षी, १७९७ साली, तिथेच वारले. घरचे कोणी जवळ होते की नाही, देव जाणे.

शहराने गावची पोरे गिळली असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आपल्या समाजात निदान हे तरी उलटे घडले. प्रार्थनेचे पहिले घर गाव सोडलेल्यांनी बांधले, आणि कोकणात ती घरे मागाहून झाली. रेवदंड्याला १८४२ साली, अलिबागला १८४८ साली, पनवेलला १८४९ साली. पलटणीत उमर घालवून पेन्शनीत गावी परतलेल्यांनी मुंबईची मशीद पाहिलेली होती.

१९४८ नंतर तीही गावे रिकामी झाली. बहुतेक इस्राएलला गेले, थोडे आपण इकडे आलो. अलिबागच्या सिनेगॉगपाशी आजही इस्राएल आळी आहे. आपली घरे मात्र तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.