सर हम्फ्री डेव्ही : मॅग्नेशिअम, तांबे आणि जहाजाचा धडा



धातू आणि संमिश्रे हा पाठ सुरू झाला की कोणता धातू सगळ्यांत चांगला, असं मुलं हमखास विचारतात. या प्रश्नाचं उत्तर देताना मी हम्फ्री डेव्ही यांचं चरित्र सांगतो.

डेव्ही यांचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात पेन्झान्स या गावी झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करत. १७९४ मध्ये ते वारले आणि घरची ओढाताण सुरू झाली. पुढच्याच वर्षी हम्फ्री एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला लागले. तिथे औषधं तयार करता करता त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली. विद्यापीठात न शिकलेला हा तरुण १८०१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाला. त्यांची व्याख्यानं ऐकायला लोकांची झुंबड उडायची.

त्या काळी विद्युतघट नवीनच होता. तांबे आणि जस्ताच्या पत्र्यांच्या मोठ्या विद्युतघटमाला वापरून डेव्ही यांनी १८०७ मध्ये पोटॅशिअम व सोडिअम वेगळे केले. १८०८ मध्ये ओलसर मॅग्नेशिआमधून वीज सोडून, पाऱ्याच्या मदतीने, त्यांनी मॅग्नेशिअम मिळवलं, तेही अगदी थोडंसं.

आता हे दोन धातू शेजारी ठेवून पाहू. मॅग्नेशिअमची घनता १.७४ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, तांब्याची ८.९६. मॅग्नेशिअम ६५० अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं १०८५ अंशांना. वीज वाहून नेण्यात मॅग्नेशिअम तांब्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. संमिश्रांतही हाच फरक दिसतो. सुमारे ९ टक्के ॲल्युमिनिअम आणि १ टक्का जस्त असलेलं मॅग्नेशिअमचं संमिश्र लॅपटॉपच्या आणि कॅमेऱ्याच्या सांगाड्यासाठी वापरतात, कारण ते हलकं असूनही मजबूत असतं. तेवढ्याच आकाराचा पितळेचा तुकडा त्याच्या साडेचार पटींहून जड भरतो. पण खाऱ्या पाण्यात पितळ टिकतं, मॅग्नेशिअम झिजतं. मॅग्नेशिअमच्या संमिश्रात चुकून थोडंसं तांबं मिसळलं तरी ते लवकर गंजतं.

असं का होतं? क्रियाशीलता श्रेणीत मॅग्नेशिअम वर आहे, त्याखाली जस्त, मग लोखंड आणि बरंच खाली तांबं. दोन धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात असले, की जास्त क्रियाशील धातू विरघळतो आणि दुसरा वाचतो.

डेव्ही यांनी नेमका हाच गुण कामाला लावला. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री जीवांपासून बचाव व्हावा म्हणून ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. ते पत्रे झिजत आणि खर्च वाढे. १८२४ मध्ये डेव्ही यांनी पत्र्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडायला सांगितलं. प्रयोग बरोबर निघाला, तांबं झिजायचं थांबलं. पण जहाजं समुद्रात गेल्यावर तळाला शेवाळ आणि शिंपल्यांसारखे चिवट जीव चिकटले, वेग मंदावला. तांबं हळूहळू विरघळत होतं, म्हणूनच हे जीव दूर राहत होते! आरमाराने ते तुकडे काढायला लावले. खाणकामगारांसाठी १८१५ मध्ये सुरक्षादीप बनवून त्याचं पेटंटही न घेणाऱ्या, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद भूषवणाऱ्या या माणसाची वर्तमानपत्रांतून टिंगल झाली. ती त्यांना फार लागली. पुढे त्यांची प्रकृती ढासळली आणि २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

गोष्ट इथे संपत नाही. १८३२ मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉर्ज मुंट्झ यांनी सुमारे ६० टक्के तांबं आणि ४० टक्के जस्त असलेल्या पितळेचं पेटंट घेतलं. हे पत्रे तांब्यापेक्षा स्वस्त होते आणि जीवांना दूर ठेवण्यापुरते विरघळतही होते. डेव्ही यांची कल्पनाही वाया गेली नाही. जमिनीखालच्या लोखंडी नळांना आज मॅग्नेशिअमचे ठोकळे जोडतात. आपल्या घरच्या टाकीवाल्या गिझरमध्ये बऱ्याचदा मॅग्नेशिअमची कांडी असते, दुकानात तिला ॲनोड रॉड म्हणतात. ती झिजते, म्हणून टाकी वाचते. गिझर दुरुस्तीला उघडला की मुलांना ती जरूर दाखवा.

वर्गात मिठाच्या पाण्यात मॅग्नेशिअमच्या फितीचे दोन तुकडे टाका. एकावर तांब्याची तार गुंडाळा. त्या तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे भराभर दिसतील. जवळ ज्योत मात्र नको.

त्यानंतर मुलांना कोणता धातू चांगला असं विचारू नका. काम कोणतं, वजन किती चालेल, आणि कोणी झिजायचं, हे विचारा.