साने गुरुजींचा रोज लिहिता हात

साने गुरुजी मूळचे कोकणातले, पालगडचे. १९२४ साली ते अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारी आली, तेव्हा ते शिस्तीवर भाषणं देत बसले नाहीत. स्वतः खोल्या झाडल्या, मुलांची अंथरुणं गुंडाळली. ते पाहून मुलंही लाजून हात लावू लागली. शिवाय मुलांसाठी गुरुजी हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. थकवा असो नसो, लिहिणं चालूच.

ही सवय १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात कामी आली. तिथं विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. अठरा अध्याय, अठरा रविवार. गुरुजींनी सगळं भराभर उतरवून घेतलं, म्हणूनच 'गीता प्रवचने' आज आपल्याला वाचायला मिळतं. मोठं काम सांगून येत नाही; रोजचा सराव असला तरच ते पेलतं.