ब्लास्केट बेटावरील पेगबाई

आयर्लंडच्या पश्चिम टोकास, केरी परगण्यातील डनक्विन ह्या गावी १८७३ साली पेग सेयर्स ह्यांचा जन्म झाला. वडील गरीब होते, परंतु कथा सांगण्यात मोठे वाकबगार. पेगला मिळालेली वडिलोपार्जित संपत्ती ती एवढीच. शाळेत इंग्रजी शिकवीत. घरी बोलली जाणारी आयरिश भाषा कशी लिहावी, हे मात्र तिला कोणी शिकविले नाही. लहान वयातच डिंगल येथे परक्या घरी मोलकरीण म्हणून राहावे लागले. अमेरिकेस गेलेली मैत्रीण वाटखर्च धाडणार होती. पण तिला अपघात झाला आणि तो बेत राहूनच गेला. १८९२ साली विवाह होऊन पेगबाई समोरच्या ग्रेट ब्लास्केट बेटावर सासरी गेल्या.

बेटावर वृक्ष असे नव्हतेच. दगडी, बसकी घरे वाऱ्याचा मारा चुकविण्यासाठी उतारात खोचून बांधलेली असत. दलदलीतून कापून वाळविलेली पीट नावाची माती हेच जळण. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर फासलेले कापड ताणून केलेल्या हलक्या होड्यांतून पुरुष मासेमारीस जात. हिवाळ्याच्या रात्री शेजारीपाजारी विस्तवाभोवती जमत. मग पेगबाईंच्या कथेस रंग चढे.

त्यांच्या अकरा अपत्यांपैकी कित्येक त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. तोमास हा मुलगा १९२० साली कड्यावरून कोसळला. उरलेली पोटासाठी अमेरिकेस गेली. त्यांतील मीहॉल परतला. त्यालाच पेगबाईंनी आपले चरित्र सांगितले व त्याने ते लिहून घेतले. १९३६ साली ते प्रसिद्ध झाले. पुढे शाळांतून ते सक्तीने वाचावे लागल्यामुळे अनेक विद्यार्थी त्यास कंटाळले; दोष पुस्तकाचा की सक्तीचा, हे शिक्षकांस सांगावयास नको.

१९३५ साली स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाचे संग्राहक शोसव ओ दाली ह्यांनी १९३८ पासून पेगबाईंकडून सुमारे ३५० कथा मिळविल्या. आयोगाचे संग्राहक मेणाच्या नळकांड्यांवर आवाज मुद्रित करीत, तो ऐकून शब्दन् शब्द उतरवीत आणि मग पैशाच्या टंचाईमुळे मेण तासून तेच नळकांडे पुन्हा वापरीत. शब्द राहत, आवाज जाई.

१९४२ साली पेगबाई बेट सोडून माहेरच्या गावी परतल्या. १९५३ साली सरकारने उरलेल्या रहिवाशांनाही तेथून हलविले. १९५८ च्या डिसेंबरात डिंगलच्या रुग्णालयात पेगबाईंचे निधन झाले. डनक्विन येथे त्यांची समाधी आहे. तेथून समुद्रापलीकडे ते ओसाड बेट दिसते.