पाखरांचा पारखी

पावसाळा सरून शरद ऋतू लागला, की अहिल्यानगर जिल्ह्यातील सुपा गावच्या शिवारात दूरदेशीचे चिमुकले पाहुणे उतरू लागतात. शेपटी सतत खालीवर हलविणारा धोबी हा त्यांपैकीच एक. पोटाशी पिवळे दिसणारे धोबी एकाहून अधिक जातींचे असतात. करड्या धोब्याची शेपटी फार लांब व पाय फिकट गुलाबीसर असतात. पिवळ्या धोब्याची शेपटी त्या मानाने आखूड व पाय काळे असतात. विणीच्या हंगामातील झळाळी या दिवसांत उतरलेली असते, पिल्लांचे रंग तर आणखी निराळे. त्यामुळे भल्याभल्यांची नजर फसते. असे सारखे दिसणारे पक्षी वेगळे कसे ओळखावेत, हे सामान्य माणसाला ज्यांनी शिकविले, ते थोर पक्षिशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. सलीम अली.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. आईवडिलांचे छत्र लवकरच हरपल्यामुळे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. छर्‍याच्या बंदुकीने चिमण्या टिपण्याचा त्यांना नाद होता. एके दिवशी टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही चिमणी नेहमीची नव्हे, हे त्या मुलाने हेरले. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे कार्यवाह मिलर्ड यांच्याकडे पाठविले. मिलर्ड यांनी ती पिवळ्या कंठाची रानचिमणी असल्याचे सांगितले आणि संस्थेतील पक्ष्यांचा मोठा संग्रह त्याला दाखविला. त्या दिवशी मुलाच्या जीवनाला दिशा मिळाली.

पुढची वाट मात्र खडतर होती. संग्रहालयातील नोकरीतून रजा घेऊन ते जर्मनीस गेले व स्ट्रेझमान या पंडितांजवळ पक्षिशास्त्र शिकले. १९३० साली परतून पाहतात, तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! ते खचले नाहीत. अलिबागजवळील किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या जीवनक्रमाचे बारकाईने निरीक्षण केले. त्या अभ्यासाने त्यांचे नाव सर्वत्र झाले.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. पक्ष्याचा आकार सांगताना ते चिमणी, बुलबुल, मैना अशा परिचित पाखरांशी तुलना करीत; म्हणून ते नवख्या वाचकालाही समजे. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली सोसायटीने भरतपूर व इतर ठिकाणी हजारो पक्षी अलगद पकडून त्यांच्या पायांत क्रमांकाची हलकी कडी घातली व त्यांना सोडून दिले. असा पक्षी दूरदेशी पुन्हा सापडला, की त्याच्या प्रवासाचा माग लागे. परंतु कडे घालतानाच जात चुकीची नोंदली, तर पुढची सारी माहिती खोटी ठरणार! म्हणून शेपटी, पाय, पंख नीट न्याहाळल्यावाचून नाव लिहावयाचे नाही, ही या कामातील शिस्त होती. ज्या हातांनी बालपणी चिमणी टिपली, तेच हात आता पाखरांना जपून आकाशात सोडू लागले.

१९७६ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. १९८७ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दोन वर्षांपूर्वीच प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राच्या नावात त्यांनी त्या चिमणीलाच मान दिला होता.